जुन्या कार्टूनमध्ये आधी चित्र की आधी संगीत?

रेघोट्या

सध्या जुनी कार्टून पुन्हा बघतोय, पण या वेळी मुख्यतः कानांनी. कारण मी दोन मिनिटांची एक फिल्म हाताने काढायला घेतली आहे. एक उंदीर जिन्यावरून उतरतो, खाली झोपलेल्या मांजराच्या शेपटीला वळसा घालतो, चीजचा तुकडा उचलतो आणि परत वर जातो. संवाद एकही नाही, म्हणजे सगळी भिस्त संगीतावर.

अभ्यास म्हणून 'टॉम अँड जेरी'चा एक भाग आधी आवाज बंद करून पाहिला आणि मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकला. नुसतं ऐकताना सगळं कळत होतं. कोण दबकत चाललंय, कोण घसरलं, कोणाच्या डोक्यात काहीतरी आदळलं, सगळं. आवाज बंद केल्यावर मात्र तीच चित्रं निम्मी झाल्यासारखी वाटली.

तर जाणकारांना विचारायचं होतं की यात आधी काय व्हायचं? चित्रं पूर्ण झाल्यावर संगीतकार ती बघून संगीत द्यायचे, की संगीत आधी रेकॉर्ड करून त्याबरहुकूम चित्रं काढायचे? 'द कॅट कॉन्सर्टो'मध्ये टॉम पियानो वाजवतो तेव्हा सूर वर चढले की त्याचा पंजाही उजवीकडेच सरकतो. हे मागाहून जुळवलेलं वाटत नाही.

आणखी एक. बग्ज बनीच्या जमान्यातल्या वॉर्नर ब्रदर्सच्या कार्टूनमध्ये कारखाना, सरकते पट्टे, यंत्रं असं काही आलं की एक ठरलेली धून लागते. खटक खटक करत पुढे सरकणारी, जरा भीतीदायक. तिचं नाव काय?

ठिपका

धुनेचं उत्तर मी देतो. ती 'पॉवरहाउस', रेमंड स्कॉट यांची, १९३७ ची. कार्टूनसाठी बनवलेलीच नव्हती. स्कॉट यांच्या छोट्या जॅझ वाद्यमेळाची ती स्वतंत्र रचना. १९४३ मध्ये त्यांच्या रचनांचे हक्क वॉर्नरकडे आले आणि संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांनी ती सढळ हाताने वापरली. तिचे दोन भाग आहेत. एक सुसाट पळापळीचा आणि दुसरा तुम्ही म्हणता तो यंत्राचा. १९४६ च्या 'बेबी बॉटलनेक'मध्ये बाळांचा कारखाना आहे, तिथे ऐका. चित्र त्या धुनेसाठीच काढल्यासारखं वाटतं.

आधी चित्र की आधी संगीत, हे 'काळी चार' यांनी सांगावं. त्यांचा हातखंडा विषय आहे.

काळी चार

आभार ठिपका. मी व्हायोलिन वाजवते आणि या कार्टूनचं संगीत कानाने ऐकून स्वरलिपीत उतरवायचा मला नाद आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

रेघोट्या, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की आधी लय ठरायची. चित्र आणि सूर, दोन्ही त्या लयीवर नंतर बसायचे. काही वेळा चित्र पुढे असायचं, काही वेळा सूर, पण लय दोघांच्याही आधी.

याचं मूळ १९२८ च्या 'स्टीमबोट विली'मध्ये आहे. डिस्नेकडे विल्फ्रेड जॅक्सन नावाचा तरुण होता. आई संगीत शिकवायची, तो स्वतः माउथ ऑर्गन वाजवायचा. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या ठरलेल्या वेगाने धावते, मग मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टक टक करणारं यंत्र) लावून मात्रा आणि फ्रेम यांचं गणित का मांडता येऊ नये, असं त्याने सुचवलं. गणित सोपं आहे. १२ फ्रेमला एक मात्रा धरली तर सेकंदाला दोन, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. ८ फ्रेमला धरली तर १८०. १६ फ्रेमला धरली तर ९०. मिनिटात १४४० फ्रेम असतात, त्यांना हवं त्या आकड्याने भागा.

एकदा हे ठरलं की चित्रकाराला संगीत ऐकू येण्याची गरजच उरत नाही. त्याला एवढंच ठाऊक हवं की मिकीचा पाय दर बाराव्या फ्रेमला टेकला पाहिजे. तिकडे संगीतकाराला चित्र दिसण्याची गरज नाही. त्याला ठाऊक असतं की तिसऱ्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेला शिट्टी वाजते. हे सगळं एका आडव्या कागदावर मांडलेलं असायचं, त्याला बार शीट म्हणत. मात्रांची घरं आखलेली, त्यांत कृती लिहिलेली आणि तिथेच धून. दिग्दर्शक आणि संगीतकार शेजारी बसून तो कागद भरायचे. माझ्या मते त्या काळातली सगळ्यात मोठी युक्ती हा कागदच.

कागदावर जुळलं तरी वाजवताना जुळायला हवं ना. 'स्टीमबोट विली'चं न्यूयॉर्कमधलं पहिलं ध्वनिमुद्रण फसलं, वाद्यवृंद आणि पडदा एकत्र चालेनात. दुसऱ्या खेपेला फिल्मवरच लयीत वरखाली होणारा चेंडू उमटवला. तो बघत संचालकाने ताल धरला आणि काम झालं. पुढे क्लिक ट्रॅक आला. फिल्मच्या ध्वनिपट्टीवर ठरावीक अंतराने भोकं पाडायची, ती फिरली की टक टक आवाज येतो आणि वादक तो हेडफोनमधून ऐकत वाजवतात. आज स्टुडिओत माझ्या कानात जो क्लिक वाजतो तो त्याच घराण्यातला.

आता आधी कोण, याकडे येते. हा वाद खुद्द वॉल्ट डिस्ने आणि स्टॉलिंग यांच्यातच झाला होता. स्टॉलिंग तेव्हा डिस्नेकडे होते. त्याआधी कॅन्सस सिटीत मूकपटांच्या थिएटरात ऑर्गन वाजवायचे. डिस्नेंचं म्हणणं, संगीताने कृतीच्या मागे जावं. स्टॉलिंग यांचं म्हणणं, कधीतरी कृतीलाही संगीताच्या मागे जाऊ द्या. तोडगा असा निघाला की मिकीच्या फिल्ममध्ये कृती पुढे चालेल आणि 'सिली सिंफनी' नावाची वेगळी मालिका काढायची, तिच्यात संगीत पुढे. त्यातली पहिली म्हणजे १९२९ ची 'द स्केलेटन डान्स'. अब आयवर्क्स यांची चित्रं, स्टॉलिंग यांचं संगीत. मध्ये एका भागात संगीतकार ग्रीगच्या ट्रोल मार्चचा वापर आहे. एक सांगाडा दुसऱ्याच्या पाठीच्या मणक्यांवर हाडांनी झायलोफोन वाजवतो, तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा बघा. मणका मुद्दाम झायलोफोनच्या पट्ट्यांसारखा काढलाय. हे सुचायला संगीत आधी कानात असावं लागतं.

'द कॅट कॉन्सर्टो' याच जातीतलं. संगीतकार फ्रान्झ लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी ही पियानोची रचना आधी पियानोवर वाजवून घेतल्याशिवाय ते पंजे काढणं अशक्य. रचनाही फार समजून निवडली आहे. पहिला भाग विलंबित, रुबाबदार. टॉम कोट घालून येतो, ऐटीत बसतो, त्याला तेवढा वेळ मिळतो. पुढचा भाग द्रुत, सगळी मारामारी तिथे. हातोड्यांवर झोपलेल्या जेरीला पहिला धक्का बसतो तोही सुरातच. मधेच जेरी हातोड्यांवर नाचतो तेव्हा लिस्ट सोडून एक रेल्वेगीत लागतं. ते एमजीएमच्याच, म्हणजे टॉम अँड जेरी काढणाऱ्या कंपनीच्याच, त्या वेळच्या चित्रपटातलं गाजलेलं गाणं, तेव्हाच्या प्रेक्षकांना लगेच ओळखू यायचं. हे संगीत स्कॉट ब्रॅडली यांचं. माझ्या लेखी या क्षेत्रातला सर्वांत मोठा माणूस.

मध्यंतर

छान प्रतिसाद. यात बेटी बूप आणि पॉपाय काढणारा फ्लायशर बंधूंचा स्टुडिओ यायला हवा, तिथे दोन्ही टोकं सापडतात.

१९३२ च्या बेटी बूपच्या 'मिनी द मूचर'मध्ये कॅब कॅलोवे यांचा वाद्यवृंद सुरुवातीला प्रत्यक्ष दिसतो. पुढे गुहेत भुतासारखा वॉलरस नाचतो, त्याच्या हालचाली कॅलोवे यांच्याच आहेत. त्यांच्या नाचाचं चित्रीकरण करून ते फ्रेमगणिक गिरवलंय. म्हणजे गाणं आधी, नाच त्याच्यावर आणि रेघ सगळ्यात शेवटी. बघताना अंगावर काटा येतो, कारण पाय कसेही काढले असले तरी त्यांचा तोल खऱ्या माणसाचा आहे.

उलट पॉपायच्या सुरुवातीच्या फिल्ममध्ये आवाज चित्रांनंतर भरत. म्हणूनच पॉपाय तोंड न हलवता सारखा पुटपुटत असतो. त्याचं ते प्रसिद्ध खलाशी गाणं सॅमी लर्नर यांनी १९३३ मध्ये पहिल्याच फिल्मसाठी लिहिलं.

रेघोट्या

इतकं तपशिलात उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. सांगाड्यांचा नाच लगेच पाहिला. काळी चार, अजून दोन शंका.

स्टॉलिंग यांच्या कामात इतक्या दुसऱ्यांच्या धुना का? ठिपका म्हणतात तो 'पॉवरहाउस', शिवाय रॉसिनी, शोपॅंचा अंत्ययात्रेचा मार्च, जुनी गाणी. आणि ब्रॅडली सर्वांत मोठे असं तुम्ही कशावरून म्हणता? मला दोघंही सारखेच भन्नाट वाटतात. शिवाय माझ्या उंदराच्या प्रत्येक पावलाला एक सूर द्यायचा का, हेही सांगा.

काळी चार

दुसऱ्यांच्या धुनांमागे पैसा आहे, सवय आहे आणि बुद्धीही आहे.

पैसा असा की वॉर्नरने १९२९ मध्ये विटमार्क ही गाण्यांची मोठी प्रकाशन संस्था विकत घेतली होती. हजारो गाणी घरचीच. 'मेरी मेलडीज' ही मालिका १९३१ मध्ये सुरू झाली ती मुळात त्या गाण्यांची जाहिरात म्हणून, सुरुवातीला प्रत्येक फिल्ममध्ये वॉर्नरचं गाणं असणं बंधनकारक होतं. आणि रॉसिनी, लिस्ट, वॅग्नर यांना हक्काचे पैसे द्यावे लागत नव्हते.

सवय मूकपटांची. ऑर्गनवादकाला पडद्यावर काय येतंय ते बघत क्षणात सुचेल ती धून काढावी लागायची. स्टॉलिंग यांच्या डोक्यात धुनांचं भांडार होतं आणि ते बहुतेक वेळा गाण्याच्या नावावरून धून निवडत. पडद्यावर जेवण आलं की कॉफी आणि सँडविचवरचं १९२५ च्या सुमाराचं गाणं. लाल पोशाखातली बाई आली की 'द लेडी इन रेड'. 'इंकी' मालिकेत एक काळा मैनापक्षी ठेक्यात उडी मारत चालतो, त्याच्या पाठीमागे कायम मेंडेल्सनचं 'फिंगल्स केव्ह'. १९३६ ते १९५८ अशी बावीस वर्षं त्यांनी वॉर्नरकडे काम केलं, जवळजवळ आठवड्याला एक फिल्म, एकूण सहाशेच्या वर. हाताशी पन्नासेक वादकांचा वाद्यवृंद. एवढ्या वेगात कोणीही धुना उसन्या घेईल. पण चार सेकंद एक गाणं, सहा सेकंद दुसरं, मधे दीड सेकंद निव्वळ स्वतःचं आणि जोड कुठे आहे ते कानाला सापडत नाही, हे मात्र कोणालाही जमत नाही. मी लिहून काढताना अडखळते ती नेमकी या जोडांपाशी. ताल बदललेला असतो, पट्टी बदललेली असते आणि तरीही सगळं एका श्वासात गायल्यासारखं.

ब्रॅडली यांचा स्वभाव वेगळा. त्यांनाही गाणी वापरावी लागायची, पण त्यांचा जीव स्वतःच्या रचनेत. वादक मोजकेच, त्यामुळे प्रत्येक वाद्य उघडं पडतं, लपायला जागा नाही. एमजीएमच्या कार्टूनमध्ये त्यांनी संगीतकार शोनबर्गची बारा सुरांची पद्धत वापरली, जिच्यात बाराही सुरांना सारखंच महत्त्व असतं. 'पटिन ऑन द डॉग' (१९४४) बघा. जेरी कुत्र्याच्या मुखवट्याचं डोकं घालून फिरतो. सुरांना कुठलाच आधार नाही, 'सा' कुठे हेच कळत नाही. सभागृहात हेच वाजवलं असतं तर तेव्हाचे बरेच श्रोते उठून गेले असते. इथे लहान पोरं हसत बघतात आणि कान आपोआप तयार होतो. म्हणून मी त्यांना मोठं म्हणते. त्यांनी अवघड संगीत सोपं न करता लोकांपर्यंत पोचवलं.

आता तुमचा उंदीर. प्रत्येक पावलाला सूर देऊ नका. जिन्याच्या पायऱ्या बारा असतील तर पहिल्या चारांना द्या, प्रेक्षकाला नियम कळतो. मग सूर उतरते ठेवून पाऊल एखाद्या मात्रेने उशिरा टाका. त्या उशिरातच भीती आहे.

पडद्यामागे

काळी चार यांच्याशी शेवटच्या मुद्द्यावर पूर्ण सहमत, पण स्टॉलिंग यांच्या नावावरून धून निवडण्याबद्दल मला थोडी तक्रार नोंदवायची आहे. दिग्दर्शक चक जोन्स यांनीही ती केली होती. मधमाशी आली की मधमाशीवरचं कुठलंतरी जुनं, लोक विसरलेलं गाणं लावायचं, ते ओळखणार कोण? आज तर आपल्यातल्या कुणालाच ते संदर्भ लागत नाहीत.

माझ्या मते जोन्स यांच्या सर्वांत उत्तम संगीतमय फिल्म त्या, जिथे एकच रचना किंवा एकच कल्पना शेवटपर्यंत टिकते. 'रॅबिट ऑफ सेव्हिल' (१९५०) मध्ये रॉसिनीचं एकच ओव्हर्चर, म्हणजे ऑपेराच्या सुरुवातीचं वाद्यसंगीत. 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' (१९५७) मध्ये मिल्ट फ्रँकलिन यांनी वॅग्नरच्या कित्येक तासांच्या ऑपेरा सात मिनिटांत आणल्या. १९९२ मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेली. आणि 'वन फ्रॉगी ईव्हनिंग' (१९५५). बेडूक गातो, बाकी बोलणं कोणाचंच ऐकू येत नाही. गाणं थांबतं आणि बेडूक नुसता डराव करतो, ती शांतता संगीताइतकीच बेतलेली आहे. रेघोट्या, तुमच्या मांजराजवळ असं एक थांबणं ठेवा.

काळी चार

पडद्यामागे, थांबण्याचा सल्ला अगदी बरोबर. संदर्भ न लागण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मी 'द लेडी इन रेड' हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते कार्टूनमध्येच, शब्द ठाऊक नसताना. तरी ती बाई ठुमकत येते हे चालीतूनच कळलं होतं. स्टॉलिंग नाव बघून गाणं निवडत असतील, पण वाजवताना त्याचा वेग, वाद्यं, वजन सगळं चित्रासाठी नव्याने बेतत. संदर्भ पुसला गेला तरी ते बेतणं शिल्लक आहे.

'रॅबिट ऑफ सेव्हिल' तुम्ही काढलंच आहे म्हणून एक जागा सांगते. बग्ज एल्मरच्या टकलाला हातापायांनी मालिश करतो, तिथे बोटांचं आणि पावलांचं काम निरनिराळ्या सुरांवर वाटलेलं आहे. आणि पुढे दोघं न्हाव्याच्या खुर्च्या पंपाने वर वर चढवत नेतात. रॉसिनी एकच वाक्य घेऊन दर फेरीला आवाज वाढवत जातो, तिथेच खुर्च्या वर जातात. त्यात नवीन सूर घालायची गरज पडली नाही, रॉसिनीच्या चढत्या आवाजाला फक्त उंची दिली.

रेघोट्या, हे सगळं पटवून घ्यायची एक पक्की कसोटी आहे. १९५८ मध्ये वादकांच्या संपामुळे वॉर्नरच्या काही फिल्मना खास संगीत करता आलं नाही, संग्रहातले तयार तुकडे लावले गेले. श्रेयनामावलीत जॉन सीली यांचं नाव दिसतं. 'हुक, लाइन अँड स्टिंकर' ही रोड रनरची फिल्म त्यातलीच. ती आणि आधीच्या एखाद्या वर्षातली रोड रनरची फिल्म लागोपाठ बघा. चित्रं तितक्याच तोलाची, पण कोयोटी कड्यावरून पडतो तेव्हा संगीत स्वतःच्या वाटेने चाललेलं असतं. पडण्याला वजनच येत नाही.

ठिपका

नुसतं संगीत ऐकायचं असेल तर १९९० मध्ये 'द कार्ल स्टॉलिंग प्रोजेक्ट' नावाचा अल्बम निघाला होता. त्यात मूळ ध्वनिमुद्रणातलं वाद्यवृंदाचं काम संवाद आणि ठोकाठोकीचे आवाज वगळून ऐकता येतं. मेल ब्लँक यांचा आवाज आणि ट्रेग ब्राउन यांचे ध्वनिपरिणाम बाजूला झाले की खाली किती काय दडलेलं होतं ते समजतं.

रेघोट्या

'हुक, लाइन अँड स्टिंकर' पाहिली. काळी चार म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. पडणं बघितलं पण पडल्यासारखं वाटलं नाही.

माझा कागद आखून झाला. उतरताना १२ फ्रेमला एक मात्रा, शेपटीपाशी पूर्ण थांबा, चीज उचलल्यावर ८ फ्रेमला एक मात्रा धरून वर पळणं. पहिल्या चार पायऱ्यांना क्लॅरिनेटचे उतरते सूर आणि पाचव्या पायरीला पाऊल एक मात्रा उशिरा. थांबा मात्रांमध्ये मोजायचा की लय पूर्ण सोडून द्यायची, यावर अडलोय.

काळी चार

मोजायचाच. वाद्यं गप्प राहिली तरी कागदावर मात्रांची घरं चालू ठेवा. मांजराचा श्वास त्याच १२ फ्रेमच्या दुपटीवर काढा, २४ फ्रेममध्ये पोट वर आणि २४ मध्ये खाली. ऐकू काही येत नसलं तरी लय डोळ्यांना दिसत राहील आणि उंदीर पळायला लागेल तेव्हा ८ ची घाई अंगावर येईल. चीज उचलायची फ्रेम घराच्या अगदी सुरुवातीला, समेवर ठेवा. क्लॅरिनेटचे सूर लिहून झाले की इथे टाका, वाजवून कळवते.